पाहुण्यांचा चष्मा

माझी पत्नी वाशीमच्या एका खासगी हाडांच्या दवाखान्यात ऑपरेशन थिएटरची सिस्टर आहे. आम्ही मालेगावला राहतो. ती सकाळच्या एसटीने जाते आणि ऑपरेशने आटोपली की मिळेल त्या गाडीने परत येते. मी एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात बातमीदार होतो. ते कार्यालय बंद झाल्यापासून घरी बसून इतरांनी पाठवलेल्या बातम्या दुरुस्त करतो. घरात आम्ही दोघेच. दिवसभर माझे कोणाशी बोलणे होत नाही. ती आल्यावरही लगेच होत नाही, कारण दिवसभर उभी राहिलेली बाई आधी दिवाणावर पाय वर घेऊन बसते आणि डोळे मिटून घेते.

तिच्यातला बदल पहिल्यांदा उजेडाच्या बाबतीत दिसला. स्वयंपाकघरात ट्यूबलाइट लावली की ती म्हणायची,

"अवो, बंद करा ना तो लाइट."

"मंग दिसन कसं तुले?"

"बंद केल्यावरच दिसते. तो लाइट डोयात घुसते."

मग संध्याकाळी घरात एकच पिवळा दिवा लागू लागला, तोही मागच्या खोलीत. शेजारच्या बाईने एकदा दारातून विचारले, "काहून वो, लाइन गेली का तुमची?" लाइन गेली नव्हती.

त्यानंतर अंगण सुटले. सुटीच्या दिवशी उन्हात बसून ती डाळ निवडायची, ती आत बसून निवडू लागली, खिडकीकडे पाठ करून. निवडायची म्हणजे बोटांनी. खडा हाताला लागला तर निघायचा, नाही लागला तर ताटात यायचा. एकदा माझ्या दाताखाली आला.

"वरनात होता का भातात?" तिने विचारले.

"भातात."

"मंग तो दुकानदाराचा. वरनातला असता तं माह्या होता."

त्यानंतर निवडण्याचे काम माझ्याकडे आले. तिने ते दिले असे नाही. मी परात ओढून घेतली आणि तिने ओढू दिली. तिचे वय चाळिशीच्या थोडे पुढे होते. जवळच्या वाचनाचा चष्मा नुकताच लागला होता. नंबर वाढला असेल असे आम्ही दोघे धरून चाललो होतो.

नंबराने ज्याचे उत्तर मिळत नाही अशी गोष्ट मालेगावच्या स्टँडवर घडली. ऑपरेशन पुढे ढकलले म्हणून ती भर दुपारी परत आली होती. मी मोटरसायकल घेऊन तिला घ्यायला गेलो. गाडीतून उतरून ती सरळ माझ्या दिशेने आली, माझ्यापासून दोन हातांवर थांबली आणि मला शोधू लागली. डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. ती थट्टा करते आहे असे मला वाटले. मग तिने पर्समधून फोन काढला आणि माझ्या खिशातला फोन वाजला.

"कुठी आहे तुमी?" ती फोनमध्ये म्हणाली.

"तुह्या समोर."

तिने फोन खाली घेतला. "उन्हात सगयेच मानसं सारखे दिसतात," ती म्हणाली आणि मागे बसली.

तिचे काम नेमके कोणत्या जागी उभे राहून चालते, हे मी त्याआधी एकदाच पाहिले होते. दसऱ्याला त्या दवाखान्यात यंत्रांची पूजा असते आणि कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना प्रसादाला बोलावतात. थिएटरच्या मधोमध टेबल होते आणि त्याला वेढून सी-आर्म नावाचे यंत्र. इंग्रजी सी अक्षरासारखा मोठा लोखंडी कमान-हात; एक टोक टेबलाच्या खाली, दुसरे वर. त्याला झेंडूचा हार घातला होता. खालच्या टोकातून एक्स-रेचे किरण निघतात, पेशंटच्या अंगातून वर जातात आणि बाजूच्या पडद्यावर हाड दिसते. त्या चित्राकडे पाहत सर्जन हाडात सळई किंवा स्क्रू बसवतात. फोटो एकदा काढून काम भागत नाही. पायाखालचे बटण पुन्हा पुन्हा दाबावे लागते. पोहरादेवीची यात्रा भरली की मोटरसायकलींचे अपघात वाढतात आणि मग थिएटरमध्ये दिवसभर ते बटण दाबले जाते.

दवाखान्याचे मालक असलेले सर्जन, ज्यांना सगळे 'सर' म्हणतात, त्या दिवशी कुर्त्यात होते आणि फुरसतीत होते. त्यांनी मला समजावून सांगितले. किरण पेशंटच्या अंगावर आदळतात तेव्हा त्यातले थोडे चहूकडे उडतात, तव्यावरच्या मोहरीसारखे. जो पेशंटच्या जवळ उभा, त्याच्या अंगावर जास्त. सर्वांत जवळ ते स्वतः, आणि समोरच्या बाजूला अवजारे हातात देणारी माझी पत्नी. म्हणून मानेपासून गुडघ्यापर्यंत शिशाचा एप्रन, गळ्याला शिशाची पट्टी. उघडे राहतात ते डोळे. डोळ्यांतले भिंग या किरणांना नाजूक असते, म्हणून त्यांच्यासाठी शिशाच्या काचेचा चष्मा.

चष्मे दाखवले ते थिएटरच्या अटेंडंटने. त्याला सगळे 'मामा' म्हणतात. निवृत्तीला आलेला माणूस, तिच्या माहेरच्या गावचा, किन्हीराजाचा. त्यामुळे ती त्याला गावची लेक. कपाटाची किल्ली त्याच्याकडे. त्याने दोन डब्या उघडून दाखवल्या. दोन्ही डब्यांना त्याने हळदीकुंकू लावले होते.

"एक सरचा, एक बाईचा. घ्या हातात. कुलपावानी जड हाये."

खरेच जड होता.

छातीवर एक लहान बिल्लाही असतो. अंगावर किती किरण पडले ते त्यावरून कळते. तो ठरावीक काळाने तपासायला जातो. तिचा अहवाल दरवेळी ठीक आला. बिल्ला एप्रनच्या आत, शिशाच्या आड लावलेला असायचा.

स्टँडवरच्या त्या दुपारनंतर काही आठवडे तसेच गेले. मी एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांचे नाव काढले, तिने विषय बदलला. मग एका संध्याकाळी ती आली, पाय वर न घेता बसली, डोळे मिटले आणि मिटूनच बोलू लागली.

त्या दिवशी पायाच्या हाडावर धातूची पट्टी बसवणे चालले होते. सरांनी चाळीस मिलिमीटरचा स्क्रू मागितला, तिने पंचेचाळीसचा दिला. तो हाडाच्या पलीकडे निघालेला पडद्यावर दिसला. सरांनी तो काढला, दुसरा घातला. पेशंटला काही झाले नाही. सर म्हणाले, "बाई, आज घरून भांडून आल्या का?" सगळे हसले. तीही हसली.

"नंबर लिहिलेला असते ना डब्यात?" मी विचारले.

"असते."

"मंग?"

"नंबर मले दिसतच नाई आता. मी जागेवरून उचलते. पयली ओय तिसाची, दुसरी पस्तिसाची, असं. आज कोनीतरी डबा उलटा फिरवून ठेवला होता."

"कधीपासून जागेवरून उचलतेस?"

ती म्हणाली, "उद्या कोनाचं काई झालं माह्या हातानं, तं?" आणि मग, "सरले सांगतलं तं थिएटर सुटन माह्यं."

थिएटर सुटले तर नोकरी जाणार नव्हती. वॉर्ड होता, बाह्यरुग्ण विभाग होता. मी तसे म्हणालो. तेव्हा तिने डोळे उघडले.

"वार्डात लोकं 'ओ सिस्टर' करून हाक मारतात, मंग आपून जाते. थिएटरात मले हाकच मारा लागत नाई. सरनं हात पुढं केला का त्याच्यात पायजे ते मी ठेवलेलं असते. तुमाले नाई समजणार ते."

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली आणि आम्ही अकोल्याला गेलो.

डोळ्यांच्या डॉक्टर एक मध्यमवयीन बाई होत्या. थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, यंत्राला कपाळ टेकवायला लावून बराच वेळ पाहिले. मोतीबिंदू होता. भिंगाच्या मागच्या बाजूला, अगदी मधोमध. उजव्या डोळ्यात पक्का, डाव्यात सुरू झालेला. उजेडात बाहुली लहान होते आणि पाहायला तेवढीच मधली खिडकी उरते. नेमका तिथेच डाग. म्हणून अंधूक उजेडात बरे दिसते आणि उन्हात नाही. मधुमेह आहे का, स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या का, डोळ्याला मार लागला होता का, हे त्यांनी विचारले. यातले काही नव्हते.

"काम काय करता?"

तिने सांगितले.

"सी-आर्म आहे तुमच्याकडे?"

"हाये."

"डोळ्यांना शिशाचा चष्मा नाही?"

"हाये ना! सरनं माह्यासाठी खास घेतला."

"मग घालत नव्हता?"

"घालत होती. पाहुणे नसले का घालत होती."

डॉक्टरांना वाटले की ऐकण्यात चूक झाली. "कोण नसले की?"

"पाहुणे. भूल द्याले डॉक्टर येतात बाहेरून. मनक्याची केस असली तं नागपूरचे सर येतात. कंपनीचा मानूस येते स्क्रूचा डबा घेऊन. त्याइचं तिथं काई नसते ना आपलं. मंग मामा त्याइले देते चष्मा."

"तुमचा?"

"दुसरा कोनता देनार? एक सरचा असते."

"आणि असे पाहुणे नसतात, ते दिवस किती?"

तिने खरोखर विचार केला. मोठ्या झालेल्या बाहुल्यांनी ती भिंतीकडे पाहत होती. "भूल द्याले तं रोजच कोनीतरी लागते," ती म्हणाली.

मला हसू आले आणि ते आवरता आले नाही. मग तीही हसली. डॉक्टर हसल्या नाहीत.

मला त्यात समजावून घेण्यासारखे काही नव्हते. आमच्या घरी काचेच्या कपाटात पातळ काठांचे कप आहेत. आम्ही दोघांनी त्यांतून कधी चहा घेतलेला नाही. किन्हीराजाला तिच्या भावाकडे नवी सतरंजी पाहुण्याखाली जाते आणि घरची माणसे जुनीवर किंवा नुसत्या जमिनीवर बसतात. भाऊ भाजीपाला पिकवतो. चांगली वांगी पाहुण्याच्या पिशवीत जातात, किडकी घरी शिजतात. कोणी तसे ठरवलेले नसते. थिएटरमध्ये मामा यजमान होता आणि ती त्याच्या गावची लेक, म्हणजे तीही घरचीच. पाहुणा आला की मामा कपाट उघडायचा, चष्मा गॉजने पुसायचा आणि दोन्ही हातांनी पुढे करायचा, तांब्या पुढे करावा तसा. भूल देणारे डॉक्टर पेशंटच्या डोक्याशी, टेबलापासून दूर बसत. कंपनीचा माणूस तर दाराजवळ उभा राही. चष्मा घातलेले हे लोक तिच्यापेक्षा लांब असत.

तिलाही तो सोडताना जड गेले नव्हते. आत तिचा जवळचा चष्मा, वर तो. मास्कमधली वाफ चढून दोन्ही धूसर होत. नाकावर वळ उठे. पहिल्यांदा पाहुण्याला दिला तेव्हा तिला सुटल्यासारखे वाटले, असे तिनेच मला सांगितले.

निघताना डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले: हे किरणांमुळेच झाले असे त्या लिहून देणार नाहीत; तसे खात्रीने सांगता येत नाही. शंकेला मात्र जागा आहे. उजव्या डोळ्याचे ऑपरेशन करावे लागेल. डाव्याला आहे त्यापेक्षा जास्त होऊ नये याची काळजी आजपासून घ्या. हे मी जसेच्या तसे नोंदवतो, कारण मोतीबिंदू कशाने झाला हे आजही सिद्ध झालेले नाही.

परतीच्या गाडीत तिने डोळ्यांवर पदर घेतला होता. पदराच्या आतूनच म्हणाली,

"बातमी करू नका याची."

"करून राह्यलो नाई."

"नाव नाई टाकलं तरी लोकं ओयखतात. हाडाचे दवाखाने किती असतात वाशीममधी?"

"नाई करत म्हटलं ना."

हे लिहिण्याआधी मी तिला विचारले. ती म्हणाली, "लिहा आता. पन सरले वाईट दाखवू नका. अन् मामाले तं मुयीच नाई."

सरांना तिने स्वतः सांगितले. मी सोबत होतो, कारण अकोल्याचा कागद तिला वाचता येत नव्हता आणि तो सरांना वाचून दाखवायला दुसरे कोणी नको होते. सरांनी कागद माझ्याकडून घेऊन स्वतः वाचला. मग विचारले, "चष्मा होता ना, बाई, तुमचा?" तिने पाहुण्यांचे सांगितले. सरांनी मामाला बोलावले.

"मामा, बाईंचा चष्मा तुम्ही दुसऱ्यांना देत होते?"

"पाहुण्याले, सर."

"काहून?"

मामाला प्रश्न कळला नाही. "पाहुण्याले नाई कसं म्हणावं, सर? आपन घातलेलं अन् पाहुना उघडा, असं बरं दिसते का? तुमच्याच दवाखान्याचं नाव खराब होईन."

"आणि बाई उघडी राहिली ते?"

"बाई घरची हाये ना."

टेबलापलीकडच्या भिंतीवर एक कॅलेंडर होते. सरांनी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि कॅलेंडरकडे पाहिले. मग हात बदलला आणि पुन्हा पाहिले. ते तिच्यापेक्षा वयाने मोठे आहेत आणि त्या यंत्राशी तिच्यापेक्षा अधिक वर्षे उभे आहेत. आम्ही तिघे उभे होतो. काय दिसले ते त्यांनी सांगितले नाही.

बदल झाले ते असे. छतापासून लटकणारी शिशाची काच टेबल आणि माणसांच्या मध्ये आली. चित्र दिसणारा पडदा समोर आणला; आधी तो एका बाजूला असल्याने सगळ्यांची तोंडे तिकडे वळलेली असत आणि किरण गालाच्या बाजूने, चष्म्याच्या कडेतून आत येत. बटण दाबताना ज्याची गरज नाही त्याने मागे सरकायचे ठरले. तिच्यासाठी बाजू झाकलेला चष्मा सांगितला. तिचा नंबर त्यातच बसवायचा होता, पण तो नंबर डोळ्याच्या ऑपरेशननंतर कळणार होता. बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांना निरोप गेला की आपापला चष्मा घेऊन यावा. तो निरोप फोनवर मामाने द्यायचा होता. मामाने दोन दिवस तो दिला नाही.

"लग्नाच्या पत्रिकेत 'येतानी आपलं ताट घेऊन या' लिहिल्यावानी झालं हे," तो तिला म्हणाला. शेवटी तिने त्याला समोर बसवून फोन लावून दिले.

तिला मात्र डोळ्यांचे काम होईपर्यंत थिएटर बंद झाले. सर म्हणाले, तोपर्यंत वॉर्ड पाहा. 'तोपर्यंत' हा शब्द त्यांनी वापरला. त्यापुढचे तिने विचारले नाही.

वॉर्डाची वेळ ठरलेली होती. ती रोज उजेड असतानाच घरी येऊ लागली. पूर्वी तिची वाट पाहण्यात माझी संध्याकाळ जायची. आता ती समोर होती आणि संध्याकाळ मोठी झाली होती. थकून येत नसल्यामुळे ती डोळे मिटत नव्हती. मागच्या खोलीतल्या दिव्याच्या उजेडात बसून राहायची. मी दिवसभर दुरुस्त केलेल्या बातम्यांपैकी काही तिला वाचून दाखवायचो. बाजार समितीत सोयाबीनची आवक, किन्हीराजाच्या रस्त्यावरचा पूल. ती ऐकायची, पण ऐकणाऱ्या माणसासारखी मध्ये काही विचारायची नाही.

एकदा वाचता वाचता मी थांबलो. थांबल्याचे तिला कळले नाही.

"काय इचार करून राह्यली?" मी विचारले.

"थिएटर वार्डाच्या भिंतीलेच लागून हाये," ती म्हणाली. "मशीनचा आवाज येते. सर नव्या सिस्टरले नंबर सांगतात, तेही ऐकू येते. मोठ्यानं सांगा लागते त्याइले. मले कधी मोठ्यानं सांगतलं नाई."

"शिकन ती."

"शिकन ना. शिकलीच पायजे."

वॉर्डातल्या पेशंटचे नातेवाईक तिला डबा उघडून 'घ्या ना सिस्टर' म्हणत. ती घ्यायची नाही. मैत्री करावी असे तिथे कोणी नव्हते, असे ती म्हणाली. पण थिएटरमध्येही ती कोणाशी फार बोलत नव्हती. तिथे बोलावे लागत नव्हते, एवढाच फरक होता. मला तो फरक समजायला वेळ लागला. मी ज्या कार्यालयात काम करायचो तिथेही छपाईला मजकूर पाठवायच्या वेळेला कोणी कोणाशी बोलत नसे, आणि ते बंद झाल्यावर मला आठवते ती हीच गोष्ट.

डाळ मी निवडत होतो. नवी सिस्टर चष्मा घालते का, हे ती रोज मामाला विचारत होती. मामा "हो बाई" म्हणायचा. तिचा विश्वास बसला नाही. एका दुपारी तिने थिएटरच्या दाराच्या गोल काचेतून आत पाहिले, पण आतले दिवे प्रखर असल्यामुळे तिला फक्त पांढरे दिसले. मग दार ढकलून तिने दारातूनच विचारले, "चष्मा घातला का वं?" आतून त्या मुलीचा आवाज आला, "घातला ताई. लय जड हाये वो." सर आत होते, नागपूरचे पाहुणे सरही होते. तिने दार लावून घेतले.

ऑपरेशनच्या आधी अकोल्याला पुन्हा एकदा जावे लागले, डोळ्याचे माप द्यायला. ढगाळलेले भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवतात. डॉक्टरांनी सांगितले की त्या भिंगाने एकाच अंतरावरचे स्वच्छ दिसते. बाकीच्या अंतरांना चष्मा लागतो. ते अंतर आधी ठरवावे लागते.

"बहुतेक लोक दूरचं मागतात," डॉक्टर म्हणाल्या. "रस्ता, गाड्यांच्या पाट्या, माणसं. काहींना वाचायचं असतं, ते अगदी जवळचं मागतात. तुमचं काय?"

दूरचे, असे मी धरून चाललो होतो. एसटीने जाणाऱ्या माणसाला दुसरे काय हवे असणार. मी तसे म्हणणार होतो. तिने उजवा हात पुढे केला, कोपरात किंचित वाकवून, तळहात वर.

"एवढ्यावरचं," ती म्हणाली.

डॉक्टरांनी एक कोरा कागद तिच्या समोर धरला. "इथे?"

"थोडा पुढं. अजून. हां. ट्रे इथं असते."

त्यांनी पट्टीने ते अंतर मोजले.

"म्हणजे परत थिएटरमध्ये उभं राहायचं आहे."

"चष्मा घालून."

"आणि पाहुणे आले तर?"

"पाहुण्याइले पानी देऊ."

या वेळी डॉक्टर हसल्या. मग माझ्याकडे एकदा पाहून त्यांनी तिला समजावले. हे अंतर घेतले तर चष्म्याशिवाय खोलीच्या पलीकडचे पुसट दिसेल. दाराशी कोण आले, समोर कोण बसले आहे, हे लगेच ओळखू येणार नाही. दूरचा चष्मा वापरता येईल, पण लोक घरात चष्मा लावायचा कंटाळा करतात. नीट विचार करून सांगा. घाई नाही.

"घरात हेच असतात," ती म्हणाली. "आवाज ओयखते मी ह्याइचा."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि माप लिहून घेतले.

ऑपरेशन ठीक झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढताना मी खोलीतच होतो, पण नर्सने बाजूला व्हायला सांगितले म्हणून भिंतीशी उभा राहिलो. पट्टी निघाली. डोळ्यातून पाणी आले, ते पुसले. मग तिने हात पुढे केला आणि त्याकडे पाहिले. पालथा केला, पुन्हा उताणा केला. एकेक बोट पाहिले. अंगठ्याजवळ एक जुना व्रण आहे, सुईचा, तो तिने दुसऱ्या हाताने चाचपून पाहिला आणि मग न चाचपता पाहिला.

डॉक्टरांनी तिचा डावा डोळा तळहाताने झाकून विचारले, "आता जरा दूर बघा. भिंतीशी कोण आहे?"

तिने मान वर केली. माझ्या दिशेने पाहिले.

"कोनीतरी उभं हाये," ती म्हणाली.

मी आवाज दिला नाही. डॉक्टर तिच्या पुढच्या उत्तराची वाट पाहत होत्या. ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली आणि मग पुन्हा हाताकडे पाहू लागली.